मेलेल्या राणीच्या जागी

वारूळ फोडायचं नाही, एवढं एकच मथुराअक्का सांगून गेल्या होत्या, आणि गिरीराजने नेमकं तेच फोडलं.

सिरा गावच्या शाळेत विज्ञानात पहिला आलेला हा गडी कंपनीतर्फे जयनगरच्या त्या घरी वाळवीचं औषध मारायला गेला होता. अक्का नागपंचमीला त्याच वारुळावर दूध घालत. त्या दिवशी अक्का बाजारात होत्या. घरी फक्त सून, भव्या.

"फोडल्याशिवाय जमणार नाही का हो?"

"छे!"

जमलं असतं. भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडायचं, झालं. पण ते बघायला कोण जमणार? त्याने कुदळ घातली, बोटाएवढी गलेलठ्ठ राणी बाटलीत भरली आणि गल्लीभर मिरवली. "राणी गेली, राज्य बुडालं!" या कौतुकात भोकं राहूनच गेली.

काही महिन्यांत वाळवी चौकटीवरून अक्कांच्या शिवणाच्या कपाटात शिरली. गिऱ्हाइकांची लग्नाची ब्लाउजपिसं, नुसती चाळण. कंपनीने त्यालाच परत धाडलं.

"तुझं काही नाही रे," अक्का म्हणाल्या. "नागोबाचा कोप हा. भव्यानं फोडू दिलं ना! काय काय बोलले मी तिला. आता घरात शब्द नाही. मशीनला हात लावायची भीती वाटते बघ."

गिरीराजचा जीव भांड्यात पडला. इतका सोयीचा देव त्याला आजवर भेटला नव्हता. "हं," म्हणत तो मागे गेला आणि भिंतीलगत खणू लागला.

मातीत एक नाही, कितीतरी लहान राण्या निघाल्या, भोवती अंड्यांचे ढीग. त्याची कानशिलं तापली. हे त्याला शिकवलेलं होतं: या जातीत राणी मेली की वारुळातल्याच दुसऱ्या माद्या अंडी घालू लागतात. एकेकीची अंडी थोडी, पण सगळ्यांची मिळून पहिलीपेक्षा जास्त.

तो मातीच्या हातांनीच आत आला. "अक्का, कोप नाही. चूक माझी आहे." आणि मान खाली घालून सगळं सांगितलं, औषध राहिल्याचंसुद्धा.

अक्कांनी चाळण झालेलं एक ब्लाउजपीस उचलून त्याची घडी घातली.

"म्हणजे पोरीला मी उगाच..." त्या थांबल्या. "भव्यालाही सांग. तुझ्या तोंडून. ऑफिसातून येईलच, स्वल्प थांब."

"सरी, थांबतो, अक्का."

त्याने सगळी भोकं पाडली, औषध सोडलं, हत्यारं दोनदा पुसली. भव्याला यायला उशीर होत होता. फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला, तसा तो मागच्या दाराने सटकला.

अजून त्याने तिला सांगितलेलं नाही.