वाऱ्याचा पहारेकरी ऑपेराला गेला तेव्हा

बाल्झ बेग्लिंगर एकतीस वर्षं आमच्या गावचा वाऱ्याचा पहारेकरी होता. दक्षिणेकडून डोंगर ओलांडून तो गरम, कोरडा वारा खाली उतरला की आमच्याकडे माणसांची डोकी उठतात, गाई पान्हा चोरतात आणि लाकडी घरं कडकडीत वाळतात. माझ्या आजोबांच्या काळात एका चुलीतल्या ठिणगीने एका दुपारात अर्धं गाव खाल्लं. तेव्हापासूनचा नियम आहे: वारा सुटला की पहारेकऱ्याने दारोदार जाऊन चुली विझवायच्या, म्हाताऱ्यांच्या तोंडातले पाईप काढून घ्यायचे, आणि वारा पडल्यावर त्याने स्वतः दारात येऊन 'पेटवा' म्हटल्याशिवाय कुणी काडी ओढायची नाही.

अशा माणसावर गाव जीव टाकील होय? ऐन जेवणाच्या वेळी हा बादली घेऊन स्वयंपाकघरात शिरणार, 'माफ करा हं' म्हणणार आणि उकळत्या रश्शाखालची आग विझवणार. माझी गावात खाणावळ आहे, तिथे गिऱ्हाइकांसमोर त्याने माझी किती वेळा शोभा केली असेल देव जाणे. मी त्याला तोंडावर बादलीबहाद्दर म्हणायचो. तो नुसता हसायचा. धंद्याने सुतार, लग्न केलेलं नाही, आवाज इतका हळू की दोनदा विचारावं लागायचं. त्याला वेड होतं ते एकच, ऑपेराचं.

ते वेड हेफ्टीबाईंनी लावलेलं. आम्हा दोघांच्या शाळेतल्या बाई. बाल्झ त्यांच्या पहिल्या बाकावरचा आणि मी, योस्ट, बहुतेक वेळ वर्गाबाहेर. बाई निवृत्त झाल्या, गावापासून वीस मिनिटं वर, चढावरच्या एकट्या घरात राहू लागल्या, आणि बाल्झ दर रविवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून रेडिओवर ऑपेरा ऐकू लागला. रोजचं दूध न्यायचा तोच, लाकडं फोडायचा तोच. वीस वर्षं ऐकलं, पण डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. पहारा सोडून जाणार कसा?

अठ्ठावन्नच्या नोव्हेंबरात बाईंनीच सीमेपलीकडच्या इन्सब्रुकच्या नाट्यगृहाचं तिकीट मागवलं. रविवारचा दुपारचा प्रयोग. बाई तेव्हा चौऱ्याऐंशीच्या. म्हणाल्या, मला आता आगगाडीत बसवत नाही, तू जा, नीट बघ, आणि कोण काय नेसलं होतं ते सगळं मला येऊन सांग. बाल्झ आठवडाभर नाही नाही म्हणत राहिला. शेवटी मीच म्हटलं, अरे जा, दोन दिवस मी बघतो पहारा, बादली उचलायला काही विद्यापीठात जावं लागत नाही. मला त्यात मोठेपणा वाटला, खोटं कशाला बोलू? त्याने मला प्रत्येक चूल दाखवली आणि जाता जाता तीनदा बजावलं की बाईंकडे रोज एकदा जा.

शनिवारी सकाळी तो निघाला तेव्हा वारा नव्हता. झारगान्सला गाडी बदलताना त्याने वर बघितलं, तर आभाळात माशांसारखे लांबट, गुळगुळीत ढग थांबलेले. वाऱ्याआधीचे ते ढग आमच्यात शेंबडं पोरही ओळखतं. त्याच्या मनात पाल चुकचुकली. स्टेशनातून त्याने खाणावळीत फोन लावला, वारा सुटला का? मी म्हटलं, पानही हलत नाही, तू गुमान जा. फोन ठेवला आणि तासाभरात आमच्या अंगणातली खुर्ची उडून पलीकडच्या भिंतीवर आपटली.

तेव्हा मात्र मी धावलो. पाववाल्याची भट्टी विझवली, त्याच्या शिव्या खाल्ल्या. एकूण त्रेसष्ट घरं केली. शेवटी धापा टाकत बाईंकडे वर पोचलो. त्यांनी स्वतःच चूल विझवून राख ओली करून ठेवली होती. तरी मी दारात उभा राहून, छाती काढून, म्हटलं, "मी येऊन सांगेपर्यंत काडी ओढायची नाही, बाई. मी म्हणजे मी. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हुकूम सोडत होतो, आणि मला गुदगुल्या होत होत्या. बाई म्हणाल्या, "बरं योस्ट, तू सांगशील तेव्हाच." डोकं दुखतंय म्हणून त्यांनी मला खिडक्यांची बाहेरची दारं लावून घ्यायला सांगितली, ती मी लावली आणि उतरलो.

बाल्झ तोवर फेल्डकिर्खला पोचला होता. तिथे वाऱ्याने हवा इतकी स्वच्छ झाली होती की डोंगर जवळ आल्यासारखे दिसत होते, त्यांच्यावरची झाडं मोजावीत. फलाटावर दोन सभ्य गृहस्थ एका पिशवीवरून हमरीतुमरीवर आले होते, एक कुत्रा सारखा दक्षिणेकडे तोंड करून भुंकत होता. त्याने पुन्हा फोन केला. परत येतो म्हणाला. मी भडकलो. सगळ्या चुली विझल्यात, बाई मजेत आहेत, तू परत आलास तर बाईच तुला दारात उभा करणार नाहीत. त्याने हळूच विचारलं, बाईंकडे गेलास? गेलो म्हटलं, आणि ते खरं होतं. तेव्हा तो पुढच्या गाडीत बसला.

इन्सब्रुकमध्येही तोच वारा. त्याने मला नंतर सांगितलं, रात्रभर कौलं वाजत होती आणि त्याला सारखा जळका वास येत होता, जो कुठेच नव्हता. रविवारी पुन्हा फोन. मी वर जाऊन बाईंना दूध, पाव आणि चीज देऊन आलो होतो, तसं सांगितलं. दुपारी तो एकदाचा नाट्यगृहात बसला. पडदा वर गेला आणि समोर राजवाडा, दीडशे माणसं, निळी रेशमी वस्त्रं. बाल्झ म्हणाला, पहिला सूर आला आणि मी रडायलाच लागलो, शेजारची बाई काय म्हणेल याचीसुद्धा लाज वाटली नाही. मग दुसऱ्या अंकात एकाने खरीखुरी मशाल पेटवून आणली. बाहेर तो वारा, वर लाकडी छत, आणि हा उघडी आग घेऊन उभा. बाल्झ ताडकन उठला, अर्ध्या रांगेपर्यंत पोचलासुद्धा. लोकांनी कोट धरून त्याला खाली बसवलं. पुढचं गाणं त्याला ऐकूच आलं नाही, डोळे मशालीवरून हटेनात.

सोमवारी पहाटे आमच्याकडे वारा एकदम पडला. तो पडला की पाठोपाठ उत्तरेची थंडी येते, तशी आली. सकाळी सातला गुडघाभर बर्फ. दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा नव्हता, पण गावात एक ठिणगी उडाली नव्हती आणि मी छाती फुगवून फिरत होतो. घरोघर 'पेटवा' म्हणत गेलो. वरची वाट बर्फाने भरली होती. गावातल्या धुरांड्यांचा धूर दिसेल बाईंना, त्या काय कुक्कुलं बाळ आहेत, असं मनाशी म्हटलं आणि घरी येऊन झोपलो. खिडक्यांची दारं मीच लावली होती, हे डोक्यातच आलं नाही.

नऊला बाल्झच्या फोनने बायकोने मला उठवलं. त्याने विचारलं, "पेटवायला सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळ्यांना?"

"अरे हो बाबा, सगळ्यांना." एवढं बोलून मी फोन आपटला. वर जायला हवं हे मला त्या क्षणी कळलं होतं. दुपारी जाऊ म्हटलं. दुपारी खाणावळीत गर्दी झाली, मग अंधार पडला, आणि मग बाईंना एव्हाना कळलंच असेल असं मी ठरवून टाकलं.

आर्लबर्गच्या घाटात बर्फ कोसळून गाड्या अडल्या होत्या. बाल्झ मंगळवारी दुपारी उतरला तो घरी न जाता थेट चढाला लागला. खालून त्याला बाईंचं धुरांडं दिसलं. त्यातून धूर नव्हता. मी खाणावळीच्या दारात उभा होतो. त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि पळत सुटला. मागून मीही.

बाई चुलीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. अंगावर दोन कोट, डोक्यावर टोपी, ओठ निळे. चुलीत लाकडं व्यवस्थित रचलेली, काडेपेटी मांडीवर. पाण्याच्या भांड्यावर बर्फाची साय धरली होती. त्यांनी बाल्झला ओळखलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "पेटवू का आता, योस्ट?"

बाल्झने त्यांच्या मांडीवरची काडेपेटी घेतली आणि चूल पेटवली. तो रात्रंदिवस त्यांच्याजवळ बसला. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. तापात बडबडणाऱ्या बाईंना बाल्झ सांगत होता की राणीने निळं रेशीम नेसलं होतं, गळ्यात मोती होते, आणि दीडशे माणसं एका सुरात गात होती. बाईंपर्यंत त्यातलं काही पोचलं नसावं. शुक्रवारी त्या गेल्या.

पुरल्यावर ग्रामसभेत विचारणा झाली की बाईंना सांगायचं कुणाकडून राहिलं. मी तोंड उघडायच्या आत बाल्झ उभा राहिला आणि त्या हळू आवाजात म्हणाला, "पहारा माझा होता." बस, एवढंच. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तेव्हा उठायला हवं होतं. नाही उठलो. माझी खाणावळ होती, बायको होती, लोकांत नाव होतं. गावाने पहारा बाल्झकडून काढून घेतला आणि माझ्याकडे दिला, कारण माझ्या दोन दिवसांत एक ठिणगी उडाली नव्हती. त्यानंतर लोक त्याला ऑपेरावाला म्हणायला लागले. माझ्याच खाणावळीत, माझ्याच टेबलांवर बसून म्हणायचे, आणि मी त्यांना बियर आणून द्यायचो.

मार्चमध्ये माझ्या पहाऱ्यातला पहिला वारा सुटला. बाल्झच्या दारात गेलो तर चूल आधीच विझलेली. तो रंधा मारत होता. मान वर न करता एवढंच म्हणाला, "सांगायला ये."

त्यानंतर अकरा वर्षं वारा पडला की मी सगळ्यात आधी त्याच्याच दारात जायचो. या विषयावर आम्ही एक शब्द बोललो नाही. बाईंचा रेडिओ त्याने शाळेला देऊन टाकला होता.

गेल्या हिवाळ्यात बाल्झ गेला. बाल्झ ऑपेरा बघायला गेला म्हणून बाई गारठून मेल्या, असं गावात अजून म्हणतात. ते खोटं आहे. सोमवारी मी वर गेलो नाही.