डंका आमच्याकडे जेवायचा

लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि एकवीस वर्षं देवयानी तीच गोष्ट ऐकत होती. नवऱ्याचं घोरणं तिने सोसलं, त्याचं पान सोसलं, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून घरी येताना अंगाला येणारा माशांच्या पेट्यांचा वासही सोसला. पण नरहरने पाहुण्यासमोर मांडी ठोकून "आमच्याकडे एक डंका म्हणून होता" असं सुरू केलं की तिचं डोकं उठायचं. ती मुलींच्या इंटर कॉलेजात गणित शिकवायची. जे सिद्ध करता येत नाही ते फळ्यावर लिहू नये, हा तिचा साधा नियम होता.

गोष्ट अशी. एकोणसत्तर सालच्या हिवाळ्यात, नरहर एकोणीस वर्षांचा असताना, काशीत मंगला गौरीच्या गल्लीत समोरच्या माडीवर एक लांब केसांचा इंग्रज दोन महिने भाड्याने राहिला. नाव डंकन. नरहरच्या आईला, अंबिकाबाईंना, ते नाव झेपेना, म्हणून त्यांनी त्याचा डंका केला. डंका दिवसभर गिटार कुरकुरवायचा आणि दुपारी यांच्या ओसरीवर जेवायला यायचा. मेतकूट-भात त्याचा जीव की प्राण. नरहरने त्याला तीनतालाचा ठेका शिकवला, एक कचकचीत शिवी शिकवली आणि ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायलाही शिकवलं. डंका समोरच्या पाटावर बसायचा, त्यामुळे नरहर उजवीकडे शितं ठेवायचा तर तो आरशात बघितल्यासारखा डावीकडे. अंबिकाबाई म्हणायच्या, राहू दे, घालतो आहे हेच पुष्कळ. पुढे डंका निघून गेला. आणि तीन वर्षांनी गोदौलियाच्या दुकानात एका इंग्रजी रेकॉर्डच्या वेष्टनावर नरहरला त्याचा फोटो दिसला. डंका विलायतेतल्या 'ब्रास अंब्रेला' नावाच्या मोठ्या बँडचा मुख्य गायक झाला होता.

ही गोष्ट नरहरने स्टेशनावरच्या हमालांना सांगितली, घरी चहाला आलेल्या देवयानीच्या प्रिन्सिपॉलबाईंना सांगितली, आणि खुद्द अंबिकाबाईंच्या तेराव्याला जेवायला बसलेल्या ब्राह्मणांनाही सांगितली. त्या दिवशी तर देवयानीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. बरं, पुरावा काय? फोटो नाही, पत्र नाही, चिठ्ठी नाही. त्या काळी दाढी वाढवलेले आणि केस सोडलेले गोरे घाटावर ढिगाने पडलेले असायचे. रेकॉर्डवरचा कोण नि ओसरीवरचा कोण, हे कुणी ठरवायचं? साक्षीदार एकटी सासू, आणि तीही गेलेली.

मग चौऱ्याण्णव साली दिवाळीच्या आधी शहरभर पोस्टर लागली. छावणीकडच्या मोठ्या मैदानावर तीन दिवसांचा संगीत मेळा, देशविदेशचे कलाकार, आणि दुसऱ्या संध्याकाळी 'ब्रास अंब्रेला'. पोस्टरवर पाच म्हातारे छातीवर हात बांधून उभे होते. नरहर एक पोस्टर भिंतीवरून सोलून घरीच घेऊन आला.

त्या रात्री चुलतभाऊ ढुंढिराज जेवायला होता. ढुंढिराजला आयतं कोलीत मिळालं. "चल, आता तुझी परीक्षा," तो म्हणाला. "त्याने तुला ओळखलं तर मी भर गल्लीत कान धरून माफी मागेन. आणि नाही ओळखलं तर?"

नरहर उठला. देव्हाऱ्यातली गंगेची गडवी घेऊन आला आणि हातावर पाणी घेऊन म्हणाला, "नाही ओळखलं तर ही गोष्ट मी जन्मात पुन्हा सांगणार नाही."

ढुंढिराज हसता हसता थांबला. काशीत माणूस गंगाजल हातावर घेऊन खोटं बोलत नाही. देवयानीने भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि मनातल्या मनात हिशेब केला. एक संध्याकाळ मैदानात काढायची, आणि पुढचं सगळं आयुष्य शांतता. हा सौदा तिला पटला. ती म्हणाली, मी पण येते.

पण शांतता एवढ्या सहज कुठली मिळायला? नरहर म्हणाला, रिकाम्या हाताने कसं जायचं, त्याच्यासाठी मेतकूट कर. दिवाळीचा फराळ करून कंबर मोडलेली असताना देवयानीने हरभऱ्याची डाळ भाजली, उडीद भाजला, गहू-तांदूळ भाजले, सुंठ-हळद घातली आणि दळून आणलं. मग त्याला आईचीच पितळी डबी हवी होती. ती माळ्यावरून काढून चिंचेने घासायची कुणी? अर्थात देवयानीनेच. घासताना ती बडबडत होती की विलायतेच्या माणसाला आता कसलं मेतकूट नि कसलं काय, डॉक्टरने मीठसुद्धा बंद केलं असेल. नरहरला ऐकू आलं नाही. तो आरशासमोर उभा राहून, आपण पंचवीस वर्षांत किती बदललो, ते पाहत होता.

मैदानावर वेळ पाचची होती. सहाला झाडझूड चालली होती, सातला दीपप्रज्वलन, आणि मग सुरू झाली भाषणं. समितीचे अध्यक्ष संगीत आणि गंगा यांच्या नात्यावर बोलले. उपाध्यक्षही तेच बोलले. मागे मुलं शिट्ट्या मारत होती, पुढच्या सोफ्यांवर ज्यांना गाण्याशी काही देणंघेणं नव्हतं असे लोक शेंगदाणे खात होते, आणि नरहरच्या पासवर लिहिलेल्या खुर्च्यांवर कुणीतरी आधीच कुटुंबासह बसलं होतं. दोघांना शेवटी बांबूच्या मचाणाजवळ सतरंजीवर जागा मिळाली. मचाणावर एक टीव्ही बसवला होता, लांबच्यांना स्टेज दिसावं म्हणून. त्यात निम्मा वेळ पट्टे दिसत.

नरहरला बसवेना. डबी घेऊन तो स्टेजमागच्या फाटकाकडे निघाला आणि देवयानी त्याच्या मागे, कारण एकटा सोडला तर हा काय करील याचा भरवसा नव्हता. फाटकावर हवालदाराने डबी उघडायला लावली. आत पिवळी भुकटी.

"ई का है?"

"मेतकूट," नरहर म्हणाला.

"नाम त बड़ा खतरनाक है."

देवयानीने पुढे होऊन सांगितलं की दाल का चूरन है, भात में मिलाकर खाते हैं. त्यावर हवालदाराने विचारलं, त भात कहाँ है? नरहरने विश्वास पटावा म्हणून मूठभर मेतकूट तोंडात कोंबलं, ते घशाला बसलं, आणि तो इतका खोकला की दोन स्वयंसेवक पाणी घेऊन धावले. फाटक उघडलं नाहीच. वर डबीही ठेवून घेतली, साहेबांना दाखवायची म्हणून. आईची डबी! देवयानीने हवालदाराला हिंदीत जे सुनावलं ते तिच्या विद्यार्थिनींनी ऐकलं असतं तर त्या आपणहून बाकावर उभ्या राहिल्या असत्या.

आणि मग एकदाचे ते म्हातारे आले.

देवयानीला वाटलं होतं की चमचमत्या कपड्यांतले कुणीतरी नाचत येतील. आले ते पाच पेन्शनर. ढोलवाल्याने आधी मानेभोवती टॉवेल नीट लावून घेतला. एक गिटारवाला कमरेला पट्टा बांधून खुर्चीवरच बसला. मधला, तो डंकन, टकला, पोट सुटलेला. खिशातून चष्मा काढून त्याने एका कागदावर गाण्यांची यादी वाचली. मग पहिला ठोका पडला आणि तो देवयानीच्या सरळ छातीत वाजला. कानठळ्या बसल्या. तिने पदर कानांवर घेतला. शब्द कळत नव्हते, सूर कळत नव्हता, शेजारची बाई तर पोराला घेऊन उठूनच गेली.

तिसऱ्या की चौथ्या गाण्यात एक वरची जागा आली आणि म्हाताऱ्याचा आवाज फाटला. त्याने माइक लोकांकडे केला. त्याच्या देशात लोक ती ओळ गात असतील. इथे कुणाला येत होती? मैदान गप्प. तेव्हा त्याने माइक परत घेतला, थोडं खालच्या पट्टीत उतरून ती ओळ पुन्हा पहिल्यापासून, नीट, पूर्ण गायली. देवयानीने पदर खाली केला. हे तिला आवडलं. चुकलेलं गणित पुसून पहिल्यापासून सोडवणारा मुलगा तिला नेहमीच आवडायचा.

पण नरहर तिला नीट ऐकू देईल तर ना. तो उभा राहून दोन्ही हात हलवत "डंका, ए डंका" ओरडत होता. मागून लोक ओरडत होते की बैठ जाइए भाई साहब. एकदा डंकनने या बाजूला पाहिलंही. पण त्याच्या डोळ्यांवर दिव्यांचा झोत होता. त्याने सगळ्यांना करतात तसा हात केला आणि तोंड फिरवलं. नरहरने चपला देवयानीकडे दिल्या, शाल दिली, आणि गर्दीत शिरला. कठड्यापर्यंत जातो म्हणाला. ती नवऱ्याच्या चपला मांडीवर घेऊन बसून राहिली. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, आणि जत्रेत हरवलेल्या पोरासारखा. तिला त्याचा राग आला, आणि त्या रागाखाली लाजही वाटली, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली, की आता हा तोंड पाडून परत येईल आणि आपण जे मागितलं तेच मिळेल.

तेवढ्यात गाणी थांबली. अध्यक्ष पुन्हा स्टेजवर. आदल्या दिवशी दिवाळीचा अन्नकूट झाला होता, म्हणून एका मंदिरातून प्रसादाची थाळी आणवली होती: भात, कढी, लाडू. पाहुण्यांनी ती सगळ्यांसमोर ग्रहण करावी असा अध्यक्षांचा आग्रह. हार, शाली, मग चौरंगावर थाळी. घामाने निथळणारे ते म्हातारे गोंधळून एकमेकांकडे पाहू लागले. देवयानीने कपाळावर हात मारला आणि सहज मचाणावरच्या टीव्हीकडे पाहिलं.

पट्टे गेले होते. चित्रात डंकनचे हात दिसत होते. त्याने पेल्यातलं पाणी तळव्यावर घेतलं आणि थाळीभोवती फिरवलं. मग चिमटीने भात उचलला आणि चौरंगावर शितं ठेवली. एक, दोन, तीन, चार, पाच. थाळीच्या बाजूला, त्याच्या डाव्या हाताकडे. अध्यक्षांना वाटलं की पाहुण्याकडून भात सांडला. एका स्वयंसेवकाने लगबगीने रुमालाने ती पाचही शितं पुसून टाकली. पुन्हा पट्टे आले.

देवयानी उभी राहिली होती. आता मागचे लोक तिलाच बसायला सांगत होते.

नरहर आला तेव्हा शेवटचं गाणं संपून लोक उठत होते. सदऱ्याची बाही फाटली होती, पायात काहीतरी बोचलं होतं. कठड्याजवळ पोलिसांनी त्याला मागे वळवून ढकलत ढकलत थेट बाहेरच्या रस्त्यावर नेऊन सोडलं होतं. गेला अर्धा तास तो सायकल स्टँडपाशी उभा होता. त्याने काहीएक पाहिलं नव्हतं.

त्याने चपला घातल्या. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझंच खरं असेल. इतक्यांदा सांगितली मी ती गोष्ट, की आता मलाच कळत नाही, खरं काय होतं. दुसराच कुणीतरी असेल."

एकवीस वर्षं तिने या वाक्याची वाट पाहिली होती. आता ते वाक्य आलं आणि तिला ते नकोसं झालं.

"त्याने चित्राहुती घातली," ती म्हणाली. "स्टेजवर. मी बघितली."

लोक दोन्ही बाजूंनी धक्के देत जात होते. नरहरने हळूच विचारलं, "कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

तो तिथेच सतरंजीवर बसला आणि त्याने शालीत तोंड खुपसलं. देवयानी त्याच्या आणि गर्दीच्या मध्ये उभी राहिली, कुणी तुडवू नये म्हणून.

आता ही गोष्ट देवयानी सांगते. नरहर सांगत नाही. हातावर गंगाजल घेऊन बोललेला शब्द, आणि डंकाने त्याला ओळखलं नव्हतं हे तर खरंच. पुढच्या दिवाळीत ढुंढिराज जेवायला आला तेव्हा तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. ढुंढिराजने ऐकून घेतलं आणि विचारलं, वहिनी, आणखी कुणी पाहिलं? कुणी नाही. फोटो? नाही. शितं? पुसली. "अरे बापरे," ढुंढिराज म्हणाला, "आता तुम्ही पण?" देवयानी चिडून नरहरकडे वळली. अहो, तुम्ही तरी काही बोला. नरहरने ताटाभोवती पाणी फिरवलं आणि पाच शितं डावीकडे ठेवली.

मेळ्यातल्या त्या संध्याकाळपासून तो चित्राहुती तशीच घालतो. डावीकडे भिंत आहे. शितं फटीत जातात, मुंग्या लागतात, आणि रोज दोनदा देवयानीला गुडघ्यांवर बसून ती वेचावी लागतात. गुडघे दुखतात, तोंडाने ती सगळ्या जगाला बोल लावते. त्या शितांबद्दल मात्र तिने नवऱ्याला अजून एक शब्द म्हटलेला नाही.