सात ते नऊमधली गाणी

मी आळशी आहे आणि त्या आळशीपणाचाच पगार घेते. एकच काम तिसऱ्यांदा हाताने करायची वेळ आली की माझं डोकं फिरतं आणि मी त्याची स्क्रिप्ट लिहून टाकते. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला दिलेली कामांची चिठ्ठी. आधी हे कर, मग ते कर, नाही जमलं तर पाच मिनिटांनी पुन्हा बघ. ऑफिसात अशा चिठ्ठ्यांचं कौतुक होतं. घरी लिहिलेल्या एका चिठ्ठीने मात्र एका बाईला स्वतःच्या डोक्यावर संशय घ्यायला लावला, आणि ती चिठ्ठी माझी होती.

आमच्या खालच्या मजल्यावर मावशी राहतात. नात्याने माझ्या कुणी नाहीत, पण पनवेलच्या खांदा कॉलनीत राहायला आल्यापासून माझ्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या, अजूनही बोटं अशी चालतात की बघत राहावं. त्यांची थोरली बहीण, ताई, लग्नानंतर इस्रायलला गेली ती तिकडचीच झाली. मावशी आपटा गावातल्या आजोळाला आणि पनवेलच्या बाजाराला चिकटून राहिल्या.

दोघी बहिणींनी म्हातारपणी एक उद्योग काढला होता. आईची गाणी गोळा करायची. मेंदीची, पाळण्याची, दळताना म्हणायची, सगळी मराठी. गंमत अशी की पहिली ओळ एकीला आठवायची आणि पुढची दुसरीला. गाण्यांचा फोल्डर ताईंच्या घरच्या कॉम्प्युटरवर होता. मी सुचवलं होतं की एखाद्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवू या, म्हणजे कुठूनही उघडेल. ताई फोनवरून म्हणाल्या, "आईची गाणी परक्याच्या कपाटात कशाला ठेवायची?" विषय संपला.

मग मी माझा जुना लॅपटॉप मावशींना दिला आणि ताईंचा फोल्डर त्यावर माउंट करून दिला. माउंट करणं म्हणजे लांबच्या मशीनवरचा फोल्डर आपल्या मशीनवरच्या एका रिकाम्या फोल्डरच्या जागी आणून बसवायचा. आपल्याला वाटतं तो इथेच आहे, असतो तो समुद्रापलीकडे. त्यासाठी रोज एक आज्ञा आणि पासवर्ड टाइप करावा लागे. मावशींनी ती आज्ञा वहीत उतरवून घेतली होती आणि आठवडाभर सगळं सुरळीत चाले. अडायचं ते शनिवारी.

शुक्रवारी सूर्य मावळला की मावशींचा शब्बाथ सुरू. मग शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत लिहायचं नाही, टायपायचं नाही, लॅपटॉप बंद. आता दिवसभर शांत बसलेल्या माणसाला आठवणार काय? गाणी. मावशींना सगळ्यांत जास्त ओळी शनिवारीच आठवत आणि लिहिता येत नसल्यामुळे त्या दिवसभर मनात घोळवत बसत. पनवेलला सातच्या सुमारास तारे दिसले की त्या धावत लॅपटॉपशी. पण ताईंकडे तेव्हा अजून उजेड. तिकडचा शब्बाथ आपल्याकडचे नऊ वाजल्यावर सुटायचा, तोवर त्यांचा कॉम्प्युटरही बंद. त्यामुळे दर शनिवारी सात वाजता मला फोन यायचा, "अगं, जोडत नाहीये." मी सांगायची, "मावशी, नऊपर्यंत थांबा." साडेसातला पुन्हा फोन, "अजून नाही गं. ओळ विसरेन मी."

चौथ्या शनिवारी माझं डोकं फिरलं. रविवारी सकाळी खाली गेले आणि स्क्रिप्ट घालून दिली. दर पाच मिनिटांनी ती ताईंचं मशीन जागं आहे का बघणार, असलं की गुपचूप फोल्डर जोडणार. आज्ञा नको, पासवर्ड नको. "तुम्ही फक्त बसायचं आणि टायपायचं," मी ऐटीत म्हणाले. त्यांनी मला नारळाच्या दुधातली खीर खाऊ घातली. शनिवारचे फोन बंद झाले आणि मी स्वतःवर फार खूश झाले.

महिन्याभराने मावशी वर आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई म्हणते शनिवारचं एकही गाणं तिला दिसत नाही. मी बघितलं तर मलाही दिसत नाही. पण मी टाइप केलं होतं." मी खाली जाऊन तपासलं. फोल्डर जोडलेला, दोनशे गाणी जागेवर, शनिवारचं एकही नाही. खोडलेल्याचीही खूण नाही. मी म्हटलं, "सेव्ह करायचं राहिलं असेल, मावशी. होतं असं."

"शनिवारी दिसलं होतं मला," त्या म्हणाल्या.

"होतं असं," मी पुन्हा म्हणाले. माझी मीटिंग होती.

त्यांच्या आईला शेवटच्या वर्षांत घरातली माणसं ओळखू येत नव्हती. हे मला माहीत होतं. तरी मी ते म्हणाले.

त्यानंतर मावशींच्या घरात चिठ्ठ्या दिसू लागल्या. ओट्यावर "गॅस बंद केला", दारामागे "किल्ली घेतली", फ्रिजवर "गोळी घेतली, मंगळवार". अक्षर सुबक, टाइप केल्यासारखं. बाजारात त्या भाजीवाल्याला एकदा दिलेले पैसे पुन्हा द्यायला लागल्या, इतका स्वतःवरचा विश्वास उडाला. मग ताईंच्या मुलाचा मला फोन आला. भला माणूस. विचारत होता, मावशी एकटी राहते, तुम्ही रोज बघता, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणाले, "थोडं विसरतात हल्ली." एवढंच. पुढच्या आठवड्यात कळलं की मावशी पनवेलचं घर विकून कायमच्या तिकडे जाणार. फ्लॅट बघायला एक जोडपं येऊनही गेलं.

मावशींनी भांडी वाटायला काढली. एका शनिवारी संध्याकाळी मला बोलावलं, पितळी खलबत्ता घेऊन जा म्हणून. मी आठ वाजता गेले. त्या टायपत होत्या. खलबत्ता उचलता उचलता माझं लक्ष लॅपटॉपच्या पडद्यावर गेलं. फोल्डर उघडा होता आणि त्यात फक्त आठ गाणी होती.

"मावशी, बाकीची दोनशे कुठं गेली?"

"येतील नऊ वाजता," त्या मान न वळवता म्हणाल्या. "ताईचा शब्बाथ सुटला की येतात."

मी खलबत्ता खाली ठेवला. आठ गाण्यांच्या तारखा वाचल्या. शनिवार, शनिवार, शनिवार. मी म्हटलं, "आणि ही आठ तर शनिवारचीच आहेत. हीच हरवली होती ना?"

मावशींची बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार हळू आवाजात विचारलं, "तुला पण दिसतायत?"

मी विचारलं, "म्हणजे?"

"मला वाटलं, मलाच दिसतात," त्या म्हणाल्या. "शनिवारी दिसतात, रविवारी नसतात. असं कुणाला सांगायचं गं?"

ऑफिसात नवीन आलेल्या पोरांना मी ज्या चुकीवरून बोलते, तीच माझी चूक होती. सात ते नऊ ताईंचं मशीन बंद असायचं, म्हणजे मावशी टायपत होत्या तो त्यांच्याच लॅपटॉपवरचा रिकामा फोल्डर. गाणी तिथे नीट सेव्ह व्हायची. नऊ वाजता माझी स्क्रिप्ट यायची आणि ताईंचा फोल्डर बरोब्बर त्याच जागेवर आणून बसवायची. दिवाणावर कागद ठेवावेत आणि वरून कुणी गादी टाकावी, तसं. कागद कुठे जात नाहीत, फक्त गादी उचलेपर्यंत दिसत नाहीत. पूर्वी हाताने जोडताना मशीन तोंडावर नाही म्हणायचं, म्हणून मावशी थांबायच्या. माझ्या स्क्रिप्टने ते नाही म्हणणंच काढून टाकलं होतं. दोन्हीकडच्या ताऱ्यांमधला दोन तासांचा फरक मला पक्का माहीत होता, त्याचाच तर मला वैताग होता.

मी गाणी दुसऱ्या जागी काढून ठेवली आणि स्क्रिप्ट बंद केली. नऊनंतर ताईंचा फोल्डर हाताने जोडला आणि आठही गाणी त्यात टाकली. मावशी खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. एकेक नाव दिसलं की पुटपुटत होत्या, "हे मेंदीचं. हे आईने आजारपणात म्हटलेलं. हे होतंच, मी म्हटलं होतं, हे होतंच."

"मावशी, चूक माझी आहे," मी म्हणाले. "आणि तुमच्या भाच्याला मी…"

"माहितेय मला," त्या म्हणाल्या. "त्याने सांगितलं. तोवर मी कुणाचं ऐकत नव्हते. शेजारीणपण तेच म्हणते म्हटल्यावर मग मला खरं वाटलं."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा मला रडू आलं आणि त्यांनाच मला पाणी आणून द्यावं लागलं.

मग त्यांनी ताईंना फोन लावला. स्पीकरवर. "ताई, माझं डोकं ठिकाणावर आहे," पहिलं वाक्य हेच. मग गादी, दिवाण, कागद, सगळं समजावून सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं. शेवटी म्हणाल्या, "तेव्हा घर विकायचं नाही. मी इथेच बरी आहे."

ताई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, "बरं झालं गं. देवाने ऐकलं." मग म्हणाल्या, "मी तुझ्या खोलीला पडदे शिवले होते."

मावशी खुर्चीत बसल्या. स्वतःचं डोकं शाबूत असल्याचं कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आता आलं. "पडदे राहू देत," त्या म्हणाल्या. "येते मी. पण पाहुणी म्हणून येईन, ताई. विसरभोळी म्हणून नाही."

मग ताई म्हणाल्या, "कशीही ये गं. फक्त ये."