काका म्हणायचं न्हाई

जुबेदा मॅडम नवी मुलगी आली की आधी तिचं मनगट धरायच्या. नाव नाही, गाव नाही. मनगट आवळून म्हणायच्या, "सोडव." लातूरच्या एका मुलींच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या आणि शाळा सुटल्यावर त्याच मैदानावर बाहेरच्या मुलींना स्वतःचा बचाव करायला शिकवायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हात ओढून पाहिला, पिरगाळून पाहिला, शेवटी रडकुंडीला आले. त्यांनी विचारलं, "कुणी असं धरलं तर तोंडानं काय म्हणशील?" माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, सोडा ना." त्यांनी हात सोडला.

त्यांना काय ते कळलं होतं. मी उदगीरजवळच्या खेड्यातून डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या शिकवणीसाठी लातूरला आले होते. आमच्या हॉस्टेलचा मालक माणिकराव. सगळ्या मुली त्याला काका म्हणायच्या. पाण्याची मोटर बघायच्या निमित्ताने तो संध्याकाळी जिन्यात उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुलीला अंग घासायचा, हात धरायचा. रेक्टरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, बापाच्या वयाचे आहेत ते, तुझ्याच मनात काहीबाही येतं. घरी सांगितलं असतं तर शिकवणी बंद करून गावाकडे नेलं असतं. म्हणून मी गप्प होते आणि आतून पेटले होते. मला त्याची बोटं मोडायची होती. हे सांगताना मला आजही लाज वाटत नाही.

त्याआधी मी एका नावाजलेल्या कराटे क्लासला जाऊन आले होते. पांढरा पोशाख, रंगीत पट्टा, कौल फोडतानाचा फोटो. तिथला मुलगा समोरून, हळूच, सांगून ठोसा मारायला यायचा आणि मी तो अडवायचे. जिन्यात कुणी असं सांगून येत नाही. जुबेदा मॅडमकडे रोजच्याच कपड्यांत यावं लागे, ओढणी आणि पुस्तकांच्या बॅगेसकट. चौकशीला आलेल्या आयांना त्या आधी चार क्लास हिंडून यायला सांगायच्या. "फाटकाबाहेर उभ्या राहून ऐका, पोरींचा आवाज येतो का. पोरगी बस म्हणली की मास्तर हात काढतो का बघा. आन् एकटीला चार गड्यांना लोळवायला शिकवतो म्हणला, तर पोरीला घेऊन सरळ घरी जा." त्यामुळे त्यांच्याकडे गर्दी कधी झाली नाही. आलेली मात्र टिकायची.

नांदेडला त्यांच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. बायकांचे हात दाबून बांगडी चढवण्यात मॅडमचं लहानपण गेलेलं. हात सोडवायची युक्तीही त्यांनी तिथलीच आणली होती. बांगडी भरताना आपण अंगठा तळव्यात दुमडून हात चिंचोळा करतो, तसाच करायचा. "धरणाऱ्याचा अंगठा जिथं हाय, तिथं दार असतंय. हात बारीक कर आन् दारातून काढ. भिंतीला कशाला धडका देऊन राहिलीस?" पहिल्यांदा माझा हात सुटला तेव्हा मला हसूच फुटलं. त्यांनी लगेच पुन्हा धरला.

त्या आम्हाला आपा म्हणू द्यायच्या नाहीत. मॅडमच म्हणायचं. "नातं लागलं की हात ढिला पडतो," असं त्यांचं म्हणणं. यामागची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. दुकानाशेजारच्या एका माणसाला त्या लहानपणी मामू म्हणायच्या, आणि मामू म्हणत होत्या म्हणूनच त्यांना ओरडता आलं नव्हतं. पुढे कळू लागल्यावर त्यांनी जन्मात त्याचा सलाम घेतला नाही. तो मरणाला टेकला तेव्हा माफ कर म्हणून त्याचा निरोप आला. "मी सांगून पाठवलं, मागायला तुला तोंड हाय, ऐकायला मला कान न्हाईत." सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. मला त्या दिवशी त्या फार आवडल्या.

मलाही मारायचंच होतं, ते त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी क्रम लावून दिला. "आधी सुटायचं, मग पळायचं, मग बदला घ्यायचा. उलटं करशील तर मार खाशील." बाकीचे मास्तर पळण्यापाशी थांबतात, म्हणूनच ही माणसं माजलीत, असं त्या म्हणत. मी विचारलं, बदला कसा घ्यायचा? त्या म्हणाल्या, "त्याला काका म्हणायचं न्हाई. त्याची ताकद हातात न्हाई, त्या काकात हाय."

पुढच्याच आठवड्यात माणिकरावाने जिन्यात माझं मनगट धरलं. मी अंगठा दुमडला, हात बारीक केला आणि त्याच्या अंगठ्याकडून काढून घेतला. पायऱ्या उतरत थेट गल्लीत आले. समोर चहाची टपरी, मेसचे डबेवाले, शिकवणीहून येणारी पोरं. आवाज मैदानावर कमावलेला होता. मी वर बघून ओरडले, "ए माणक्या! जिन्यात पोरींचे हात धरतोस व्हय रे?"

गल्ली थांबली. माणसाला नावानं, तेही असं मोडून, त्याच्याच दारात हाक मारणं म्हणजे काय, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. तो दारात आला आणि म्हणाला, बेटा, काय बोलतेस, मी तुझा काका. तेवढ्यात वरच्या खिडकीतून एक आवाज आला, "माणक्या, माझा पण धरलास." मग दुसऱ्या खिडकीतून. मग तिसऱ्या. मॅडम आम्हाला पोलीस ठाण्यात घेऊन गेल्या, तक्रार झाली, ती तिच्या गतीने चालली. पण गल्लीचा निकाल तिथल्या तिथे लागला. टपरीवाला, रिक्षावाले, दूधवाला, सगळ्यांच्या तोंडी तो माणक्याच झाला. त्याची बायको मला भेटून रडली, तेवढं नाव तरी घेऊ नका म्हणाली. मला तिची कीव आली. नाव घेणं मात्र मी सोडलं नाही.

मी डॉक्टर झाले आणि उदगीरला दवाखान्यात रुजू झाले. गेल्या वर्षी रुग्णांच्या चिठ्ठ्यांत माणिकरावाचं नाव दिसलं. म्हातारपणी तो मुलाकडे उदगीरला राहायला आला होता. बाहेर बाकं भरलेली होती. मी दारात जाऊन हाक मारली, "माणक्या, आत ये." तो काठी टेकत आला. त्याचा मुलगा चिडला, वडिलांशी नीट बोला म्हणाला. म्हाताऱ्याने त्याचा हात दाबून त्याला गप्प केलं. रक्तदाब वाढलेला होता. मी नीट तपासलं, योग्य त्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, दर महिन्याला यायचं. रक्तदाबाच्या गोळ्या जन्मभराच्या असतात.

हे सांगायला मी मुद्दाम नांदेडला गेले. नोकरी संपवून माहेरी परतलेल्या मॅडम अंथरुणाला खिळल्या होत्या, हाताच्या नुसत्या काड्या राहिल्या होत्या. त्यांनी पहिलं विचारलं, "औषध बरोबर दिलंस ना?" दिलं म्हटलं. मग म्हणाल्या, "आता हाक कशी मारलीस ते दाखव." मी तिथे, आजारी माणसाच्या खोलीत, तशीच मारून दाखवली. त्या खोकला येईपर्यंत हसल्या.

निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. "सोडव." त्या बोटांत काही उरलं नव्हतं. मी हात तसाच राहू दिला.

त्या एकदम तापल्या. "माझी कीव करून राहिलीस? आज माझी करशील, उद्या त्याची करशील. सोडव म्हणलं ना."

मी अंगठा दुमडला आणि त्यांच्या अंगठ्याकडून हात काढून घेतला. त्यांनी समाधानाने डोळे मिटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. माणक्या अजून दर महिन्याला येतो.