घास आणि श्वास

वडिलांनी एकतीस वर्षं जिनिंगच्या कारखान्यात काढली. त्यामुळे त्यांना खोकला लागला तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. कापसाची धूळ छातीत बसली, असं आम्हीच ठरवून टाकलं आणि प्रत्येक डॉक्टरला आधी तेच सांगितलं. क्षयाची तपासणी स्वच्छ आली. मग दम्याचा पंप सुरू झाला.

जेवताना ते दर दोन घासांना पाणी पीत, ताठ बसून खांदे मागे ओढत. तेव्हा कुठे घास खाली जाई. आत्या जळगावला आली की म्हणायची, "भाऊ, जेवतोस की विहिरीत बादली सोडतोस?" तेही हसत.

वजन अडुसष्टवरून त्रेपन्नवर आलं. आमच्याकडे खंगलेल्या माणसाला अर्ध्या पोटी उठू देत नाहीत. "एवढी अर्धी भाकरी घ्या," आई म्हणायची, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर आणखी तेल ओतायची. ते मुकाट्यानं खात आणि लगेच आडवे होत. सकाळी उशीवर आंबूस डाग असे. आई अभ्रा धुऊन टाकायची.

धुळ्याच्या छातीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच विचारलं, "आजोबा, घास अडकतो का?"

"तो कधीचाच अडकतो. मी खोकल्यासाठी आलोय."

त्यांना पांढरं औषध पाजून फोटो काढले. अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडतच नव्हतं. वर तुंबलेलं अन्न ते आडवे झाले की श्वासनलिकेत झिरपत होतं, कित्येक वर्षं. दोन्ही फुफ्फुसांचा खालचा भाग जून, घट्ट झाला होता. धुळीचा त्यात किती वाटा, ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"मग ते तोंड उघडा," मी म्हणालो.

"आधी आला असतात तर केलं असतं. आता ही छाती भूल सोसणार नाही. आणि उघडलं तरी फुफ्फुसं परत येत नाहीत."

आता ते खुर्चीत बसूनच झोपतात. पातळ पेज चमच्याचमच्यानं घेतात. पेजेआधी बोटाला लावलेलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र नव्वद दाखवतं, नंतर ब्याऐंशी. नाकातून पोटात नळी घालू म्हटलं, तर ते हातानंच नको म्हणाले. खाताना बोलायचं नाही, असं बजावलेलं आहे. खाऊन झाल्यावर बोलण्याइतका दम राहत नाही. काल त्यांनी वाटी बाजूला सारली आणि आईला जवळ बसवून बराच वेळ थांबत थांबत काहीतरी सांगितलं. तिनं पुन्हा वाटी पुढे केली नाही.