झेंड्याच्या काठीइतकं अंतर

मी शाळा चौथीत सोडली. इंग्रजी मला येत नाय, पण गोल्फमधले शब्द येतात, अन् ते मी हातानं कमावलेत.

पिशोरहून शहरात आलो ते गोल्फच्या मैदानावर माळी म्हणून. तेव्हा तिथं नुसता मुरूम होता. गवत आम्ही दोघांनी लावलं, मी आणि माझ्या जोडीदारानं. तो वयानं लहान, मला मामू म्हणतो. ग्रीन म्हंजी खड्ड्यात झेंडा उभा असतो ती बारीक गवताची जागा. तिचं कापायचं मशीन माझ्याकडं, बाकीचं रान त्याच्याकडं. त्या मशीनवर त्याचा डोळा पहिल्यापासून.

पाऊस सरल्यावर तिथं नवशिक्यांचा वर्ग सुरू झाला. शिकवायला एक तरुण बाई. एका सकाळी एका साहेबानं तीनदा काठी फिरवली अन् तिन्ही वेळा हवाच मारली. मला हसू आवरंना. म्हणालो, "जन्मभर विळा चालवला. ही काठी फिरवायला काय लागतंय?"

जोडीदारानं तिथंच धरलं. "तो फिर मार के बताओ ना, मामू! बातां नको."

"महिना दे. बंकरच्या अल्याडून मारतो. चेंडू खड्ड्यापासून झेंड्याच्या काठीइतक्या अंतरात थांबंल. नाय थांबला तर ग्रीनचं मशीन तुझं."

बोलून गेलो. बोललेलं मागं घ्यायची मला सवय नाय.

बंकर म्हंजी वाळूचा खड्डा. आठ दिवस माझे सगळे चेंडू त्यातच झोपले. बाई लांबून बघायच्या. शेवटी म्हणाल्या, "काका, तुम्ही चिप मारताय. चिप थोडा उडतो, लई घरंगळतो. मधी वाळू असली की पिच पाहिजे. तो उंच जातो अन् पडला की थोडाच चालतो."

"ठाऊक हाय मला," म्हणालो. ठाऊक काय डोंबल असणार! दोन दिवस अडून बसलो, तिसऱ्या दिवशी आपणच गेलो.

बाईंनी पहिली ग्रिप दाखवली. मी काठी आवळून धरायचो, कुऱ्हाडीसारखी. आता बाजारात लेकराचा हात धरावा तशी धरतो, सुटू नये अन् दुखूही नये. काठी मागं नेणं हा बॅकस्विंग, चेंडू गेल्यावरही तिला पुढं जाऊ देणं हा फॉलो थ्रू. पिचला वापरायची तिरप्या तोंडाची काठी, ती वेज. हे सगळं चार दिवसांत बसलं. तरी चेंडू उडंना. टाळक्यात मार खाऊन जमिनीलगत पळायचा.

बाई म्हणाल्या, "चेंडूला लागल्यावर काठीनं जमीन कापली पाहिजे. तुम्ही ऐन वेळी हात वर घेताय. भिता कशाला?"

"भीत नाय, बाई. ते गवत मी लावलंय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एक पिच मारला. मातीसकट गवताची चकती उडाली. तिला डिव्हट म्हणतात. ती उचलून त्यांनी जागेवर ठेवली, पायानं दाबली अन् मलाच विचारलं, "काका, हे धरतं का पुन्हा?"

"पाणी दिलं तर आठ दिवसांत धरतं."

"मग?"

माझ्याच कामाचं मला विचारलं. मी वेज उचलली.

महिना भरला त्या सकाळी जोडीदार ग्रीनवर उभा राहिला, हाताची घडी घालून. मशीन त्यानं आधीच पुसून ठेवलेलं! "दुवा कर लो मामू," म्हणाला.

मी हात वर घेतला नाय. खालून खसकन आवाज आला, चकती उडाली, चेंडू वर गेला. तो कुठं पडला ते मी बघितलंच नाय. आधी चकती उचलली, बसवली, चार बाजूंनी दाबली, डब्यातलं पाणी ओतलं.

"अरे मामू, घास छोडो, इधर आओ!"

त्यानं झेंडा उपटून काठी खड्ड्यापासून आडवी ठेवली होती. चेंडू काठीच्या टोकाच्या टीचभर आत. त्यानं काठी दोनदा सरळ करून बघितली, मी करू दिली.

"मान गए," म्हणाला अन् मशीनची मूठ माझ्याकडं फिरवली.

मी ग्रीन कापून घेतलं. मग दुपारी जाऊन त्या चकतीला पुन्हा पाणी दिलं. आता तिथला सांधा शोधूनही सापडत नाय.