मुर्ध्याचं आरमार

४ डिसेंबर १९९१, बुधवार. लिंबाचं लोणचं घालायचं. खडे मीठ संपलं आहे. माझ्या डायरीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे, पण ती वाचली की मला मिठाआधी खालच्या मजल्यावरचे अंकल आठवतात. कुठलाही विषय काढा, तिसऱ्या वाक्याला स्पेनला पोचणारा असा माणूस अख्ख्या मीरा रोडमध्ये दुसरा नव्हता. पाणी येत नाही म्हणून सोसायटीची मीटिंग भरली, तरी ते उठून स्पेनमधल्या विहिरींबद्दल सांगायचे. स्वतः ते वसईच्या पलीकडे फारसे गेले नव्हते.

दुपारी जेवून ते दोन तास झोपत. झोपतो आपणही, पण त्यांची झोप रक्तातून आलेली होती. वर्ल्डकपमध्ये स्पेन हरला तेव्हा त्यांनी दोन दिवस मासे खाल्ले नाहीत. एकदा भाजीबाजारात मोकाट बैल शिरला. सगळे पळाले आणि अंकल खांद्यावरचा लाल टॉवेल धरून पुढे झाले. बैलानं टॉवेल पाहिला, अंकलना पाहिलं आणि शेजारच्या टोपलीतली कोथिंबीर खाल्ली. "ओळखलं मला त्यानं," अंकल म्हणाले. कोथिंबिरीचे पैसे भाजीवालीला मी दिले.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या गावच्या, म्हणजे भाईंदरपलीकडच्या मुर्ध्याच्या, डोंगरीकडच्या चर्चमधल्या लग्नाच्या जुन्या रजिस्टरात होतं. दर शनिवारी बसने जाऊन ते एकेका पूर्वजाचं लग्न पेन्सिलीनं वहीत उतरवून आणायचे आणि अक्षर लागलं नाही की वही माझ्याकडे यायची. औषधांच्या दुकानात काउंटरवर माझी अठरा वर्षं गेलेली, त्यामुळे मला कुठलंही अक्षर लागतं असा त्यांचा समज होता. अक्षर लागायचं, भाषा लागत नव्हती. सगळ्यात जुनी नोंद त्यांच्या खापरपणजोबांच्या लग्नाची. तिथे आडनावाच्या शेवटी झेड होता. पोर्तुगीज माणूस एस लिहितो, झेड लिहितो तो स्पॅनिश, हा अंकलचा पहिला पुरावा. मला ते अक्षर कधी एस वाटायचं, कधी झेड. लिहिणाऱ्या पाद्रीबाबांचा हात कापत असावा. दुसरा पुरावा पुढच्या शब्दांचा होता : 'द मारिन्या द मुर्धा'. मारिन्या म्हणजे आरमार. म्हणजे खापरपणजोबा स्पॅनिश आरमारातल्या कप्तानाच्या वंशातले. मुर्ध्याला आरमार कधी होतं, असं मी विचारलं. गलबत खाडीच्या चिखलात रुतलं, असं त्यांनी सांगितलं. कधी रुतलं, तेही सांगितलं असतं, पण माझी डाळ गॅसवर होती.

इथपर्यंत कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं होतं ते त्यांच्या धाकट्या भावाशी. हा भाऊ मुर्ध्याच्या मिठागरावर काम करायचा. कप्तानाच्या घराण्यातला माणूस मीठ ओढत नाही, असं अंकलनी त्याला चार माणसांत सुनावलं होतं. तेव्हापासून अकरा वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. त्या आठवड्याच्या शेवटी, रविवारी, भावाच्या मुलीचं लग्न होतं. त्याआधीच्या सोमवारी तो पत्रिका घेऊन आला, तेव्हा मी जिन्यातच होते. अंकलनी दार अर्धंच उघडलं. भाऊ म्हणाला, "दादा, मी मीठ काढतो, चोरत न्हाय." पत्रिका उंबऱ्यावर ठेवून तो जिना उतरला. बायबलवर हात ठेवून लग्नाला जाणार नाही असं म्हणणारे अंकल पत्रिका मात्र रोज जागा बदलून ठेवू लागले. आधी कपाटावर, मग टेबलावर.

बुधवारी दुकानात आमच्या नेहमीच्या गोव्याच्या टीचर आल्या. त्या लहानपणी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. त्यांची गोळ्यांची पट्टी बांधता बांधता मी मारिन्याचा अर्थ विचारला. "आरमार," त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून निघता निघता म्हणाल्या, "नाहीतर मिठागर. गाव खाडीकाठचं असेल तर मिठागरच."

हे अंकलना सांगावं की नाही याचा मी फार विचार केला नाही. रविवार जवळ आला होता. संध्याकाळी खाली गेले आणि सरळ सांगितलं. त्यांनी वही उघडली, चष्मा पुसला, ती ओळ बोटानं दोनदा वाचली. मला वाटलं, आता गलबत परत निघेल. पण त्यांनी चष्मा काढून वहीवर ठेवला. इतकी वर्षं माझ्याशी मुंबईचं मराठी बोलणारा हा माणूस मग गावच्या बोलीत म्हणाला, "म्हंजे घरान्याचं काम धाकट्यानं चालवलं. मी न्हाय."

मी विषय बदलून लोणच्याच्या लिंबांचं आणि संपलेल्या खडे मिठाचं सांगितलं. चहा करते म्हटलं, तर नको म्हणाले. पत्रिका या वेळी वहीत होती, त्याच पानाशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझी बेल वाजली. अंकल दारात. अंगात लग्नाचा कोट, तोही गुरुवारी. मुर्ध्याला जायचं होतं, पण एकट्यानं जाववत नव्हतं. हे ते म्हणाले नाहीत. "वैनी, तुम्हाला खडे मीठ पाहिजे होतं ना," एवढंच म्हणाले. मी धुऊन पुसलेली लिंबं फडक्याखाली झाकली, दुकानात उशिरा येते असा निरोप ठेवला आणि कापडी पिशवी घेतली. बसमध्ये ते खिडकीशी बसले. भाईंदर मागे पडलं. मग म्हणाले, मीठ तसं स्पेनमध्येही पिकतं. मी हो म्हटलं आणि मुर्ध्याची दोन तिकिटं काढली.